गाडी पांढुर्ण्याला गेली

मधल्या सुट्टीत मुलं ताटं धूत होती तेव्हा माझा मोबाइल वाजला. पांढुर्ण्याच्या आमच्या जुन्या घरात भाड्यानं राहणाऱ्या बाईंचा फोन होता. नळाचं, छपराचं काही निघालं की त्या फोन करत, म्हणून मी चालता चालताच उचलला.

"ताई, तुमच्या बाबाले काय झालं? इथं दारात अ‍ॅम्बुलन्स उभी आहे. ते लोक मले पेशंट कुठं आहे म्हणून विचारून राहिले."

मला काही कळेचना. माझी बदली सौंसरजवळच्या शाळेत झाली तेव्हाच आम्ही पांढुर्णा सोडलं होतं. आई-बाबा सौंसरला माझ्याजवळ राहत होते. सकाळी मी निघाले तेव्हा बाबा अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. मी म्हटलं, चुकून आली असेल. बाईंनी फोन ड्रायव्हरच्या हाती दिला. तो म्हणाला, कुण्या बाईनं माणूस पडला म्हणून सांगितलं, पत्ता विचारायच्या आधीच लाइन कटली, आणि त्या नंबरापुढे हाच पत्ता होता. त्यानं नंबर वाचून दाखवला. आमच्या घरचाच होता.

तो नंबर साऱ्या नातेवाइकांना पाठ होता, म्हणून बाबांना तो सोडायचा नव्हता. पांढुर्ण्यातच त्यांनी तारेचा फोन काढून इंटरनेटवर चालणारा घेतला. लावून देणारा म्हणाला होता, फोन जोडलेली ही डबी कुठंही न्या, इंटरनेट असलं की नंबर हाच राहील. सौंसरला येताना बाबांनी ती डबी टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातली आणि बसमध्ये मांडीवर ठेवून आणली.

मी ड्रायव्हरला सौंसरचा पत्ता सांगितला. तो म्हणाला, तिकडची गाडी पाठवायला सांगतो. घरी फोन लावला, लागेना. बाबांचा मोबाइल बंद. हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं आणि कपाटावरची गाडीची चावी उचलली. रस्ताभर मी घरचा नंबर लावत राहिले.

दार उघडंच होतं. बाबा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पडले होते, डोकं आईच्या मांडीवर. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. आई पदरानं त्यांची लाळ पुसत होती. ती रडत नव्हती. तिनं मान वर केली आणि रोजच्यासारखं विचारलं, "तू काऊन आली? गाडी येऊन राहिली ना."

"कोणती गाडी?"

"दवाखान्याची. फोनवरच्या पोरीनं सांगितलं मले, गाडी पाठवतो म्हणून."

मी पंख्याकडे पाहिलं. बंद होता. लाइट गेली आणि डबी बंद पडली, म्हणून फोनही. आईला ते ठाऊक नव्हतं. तारेचा फोन लाइट नसली तरी चालायचा, तोच तिच्या डोक्यात. तिनं पुन्हा फोन कानाला लावून पाहिला होता. आवाज नाही, म्हणजे पलीकडच्यांनी काम झालं म्हणून ठेवला, असं तिला वाटलं. मग ती बाबांपाशी येऊन बसली.

गाडी पांढुर्ण्यात उभी आहे, हे मला तिला सांगता आलं नाही. सौंसरची गाडीही अजून आली नव्हती. हेडमास्तरांनी पाय धरले, मी खांदे, आणि बाबांना हेडमास्तरांच्याच गाडीत निजवलं. सौंसरच्या दवाखान्यात पहिलं इंजेक्शन दिलं आणि लगेच नागपूरला न्यायला सांगितलं. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, लकवा आहे. जरा आधी आणलं असतं तर बरं झालं असतं.

बाबा वाचले. उजव्या हातात चमचा धरण्यापुरती ताकद आली. बोलणं आलं नाही, नुसता आवाज येतो.

दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून मी फोन कंपनीला फोन केला. पलीकडचा माणूस फार अदबीनं बोलला. नंबर तुमच्यासोबत येतो, पत्ता येत नाही, तो तुम्हीच बदलून घ्यायचा असतो. आणि लाइट नसली की कुणालाच फोन लागत नाही, दवाखान्यालाही नाही. हे आम्हाला कोणी सांगितलं नाही, मी म्हटलं. तो म्हणाला, अटींमध्ये लिहिलेलं आहे मॅडम. मी फोन कानावरून खाली घेतला. पलीकडून तो आणखी काही मदत हवी का म्हणून विचारत होता.

बाबांना घरी आणल्यावर एका दुपारी मी आईला सगळं सांगितलं. ती त्यांच्या पलंगाशी बसून सांभाराची, कोथिंबिरीची, जुडी निवडत होती. तिचा हात थांबला.

"म्हणजे मी बसली होती तेव्हा इकडं कोणीच येत नव्हतं?"

"नाही."

तिनं हातातली काडी ताटात ठेवली. मग म्हणाली, "मले तर भेव नव्हतं वाटत. मी यांले म्हणून राहिली होती, थांबा, आता आलीच."

मी बाबांकडे पाहिलं. ते जागे होते आणि एकटक तिच्याकडे पाहत होते.