नितळ केलेलं पाणी

माझ्या सासरी मासे शिजत नाहीत. तरी कोळंबीच्या पिल्लांसाठी सासूबाईंनी मागची खोली रिकामी करून दिली, वर धान्याच्या कोठ्याही स्वतःच सरकवल्या. लग्नाआधी मी किनाऱ्यावर, कोळंबीची पिल्लं वाढवतात तिथं नोकरी करायचे. सासरी, शहागडला आल्यावर हात स्वस्थ बसेनात. घरीच मीठपाणी बनवायचं आणि एका टबात पिल्लं जगवून दाखवायची, एवढाच माझा हट्ट होता.

कोळंबीचं पिल्लू आईनं दिलेली शिदोरी पोटात घेऊनच जन्मतं. ती भराभर संपते. मग त्याला लागतं नुसत्या डोळ्यांना न दिसणारं शेवाळ, पाण्यात वाढवलेलं, कोऱ्या चहाच्या रंगाचं. माझ्या खिडकीत अशा शेवाळाच्या बरण्या रांगेनं उभ्या होत्या आणि नळ्यांमधून त्यांत हवा सुटत होती. पिल्लं आणायला किनाऱ्यावर निघाले, तेव्हा बरण्यांवर लक्ष ठेवा, असं सासूबाईंना सांगून गेले.

परत आले, पिल्लं टबात सोडली आणि खिडकीकडे वळले. बरण्यांतलं पाणी लख्ख नितळ, तळाशी तपकिरी गाळ. पावसाळ्यात गोदावरीचं गढूळ पाणी नळाला येतं, तेव्हा आमच्याकडे घरोघर हंड्यात तुरटी फिरवतात. सासूबाईंनी तेच केलं होतं. गाळ नीट बसावा म्हणून हवासुद्धा थांबवली होती.

"तू एवढी मेहनत करून राह्यली," त्या कौतुकानं म्हणाल्या, "म्हनलं पाणी तरी चांगलं करून ठेवावं."

राग आला, खोटं कशाला बोलू? पण त्या तोंडाकडे बघून तो गिळला. शेवाळाच्या गुठळ्या झाल्या होत्या आणि पिल्लांच्या एवढ्याशा तोंडात त्या जाणार नव्हत्या. टबातल्या पिल्लांची शिदोरी संपत आली होती. हे मी सांगितलं तेव्हा सासूबाई मटकन खाली बसल्या. बाळंतिणीचं दूध आटल्याची बातमी ऐकावी तसा त्यांचा चेहरा झाला. मग उठल्या आणि देवळीतून एक लहान बाटली घेऊन आल्या. माझी बियाण्याची बाटली, बरण्यांतलं सगळं शेवाळ जिच्यातून वाढवलं ती, अजून चहाच्या रंगाची.

"हिच्यात न्हाई फिरवली. सकाळी उठली की आधी हिलाच उजेडाला धरून बघती तू. म्हनलं, माहेरची असंल."

खरंच माहेरची होती, लग्न होऊन येताना किनाऱ्यावरून आणलेली. मला तिथंच रडू कोसळलं.

बाटलीतलं शेवाळ सगळ्या पिल्लांना पुरणार नव्हतं. तांब्याभर पिल्लं बादलीत घेतली आणि त्यांना ते घातलं; टबातली बाकीची गेलीच. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंग लावलं, तर प्रत्येकाच्या मागे तपकिरी दोरा लोंबत होता. सासूबाईंनी काळजीनं विचारलं, हे काय? शी आहे, म्हटलं. पोट भरलं की अशीच लांब येते.

त्यांनी भिंग घेतलं आणि पुष्कळ वेळ बघत राहिल्या.

"झाली मंग," त्या म्हणाल्या. "आता जगतेत."

त्या दिवसापासून तुरटीचा खडा त्यांच्या कमरेच्या पिशवीत असतो. हंड्यात फिरवायचा झाला, तर आधी मला हाक मारून विचारतात, हे पिण्याचंच पाणी आहे ना?