पानग्यांवरची चांदणी

अमरावतीच्या राजापेठेत शेखरच्या घरी फोन होता, पण संध्याकाळी तो कोणालाच लागत नसे. त्या वेळी फोनवर त्याचा संगणक बसलेला असायचा. घरोघरी इंटरनेट यायच्या आधीची ही गोष्ट. नागपूरचा संगणक अमरावतीला फोन करी, अमरावतीचा अकोल्याला, आणि किर्र-खर्र करत एकमेकांना फायली पाठवत. त्याला बुलेटिन बोर्ड म्हणत. बँकेची नोकरी सांभाळून शेखर तो हौसेने चालवायचा. सासूबाई, इंदूबाई, बाळापूरहून आल्या की म्हणायच्या, "जावाईबापूची मशीन रडून राहिली. घ्या ना तिले कोणी कडेवर."

अशाच एका मुक्कामात त्यांनी लेकीला, अनुपमाला, पळसाच्या पानांत भाजायचे पानगे शिकवले. शेखरने सासूबाईंचं बोलणं जसंच्या तसं रोमन अक्षरांत टाइप केलं आणि 'पानगे' नावाने बोर्डावर ठेवलं. पुढच्याच वर्षी इंदूबाई गेल्या.

अकोल्याचे महादेवराव शेखरचे मित्र, कॉलेजात गणित शिकवायचे. त्यांनी पंचांगाचा प्रोग्राम लिहिला होता. दर वर्षी नवा पाठवायचे. फायलीसोबत एक चिठ्ठी येई, तीत एक ओळ: ही फाइल अमक्या फायलीच्या जागी. संगणक ती वाचून जुनी फाइल पुसून टाकी, कोणाला विचारत नसे. एकदा मागची सगळीच पंचांगं एका फटक्यात काढावीत म्हणून महादेवरावांनी त्या ओळीत फक्त 'पी-ए-एन' लिहिलं आणि पुढे चांदणीची खूण टाकली. चांदणी म्हणजे पुढे काहीही असो. जुनी पंचांगं गेली. त्यांच्यासोबत, रोमनमध्ये नाव तसंच सुरू होणारे पानगेही गेले.

"कृतीच होती ना ती? लिहून काढ तू," शेखर म्हणाला.

अनुपमाने लिहून काढली, त्याच नावाने. मग म्हणाली, "कृती मला पाठच आहे हो. आई गेली त्यात."

शेखरने त्या दिवशी संगणकाची पुसायची परवानगी काढून घेतली. नवी फाइल आली की जुनी एका वेगळ्या कप्प्यात जाई. त्याला तो माळा म्हणायचा. बोर्ड बंद पडला, पण सवय राहिली. नवा मिक्सर आला तरी जुना घरातच. अनुपमा म्हणे, "मीही बदलले तर जुनी कुठे ठेवाल, तेवढं सांगून ठेवा."

परवा महादेवरावांचा फोन आला. "शेखर, भंगारवाल्याले फ्लॉप्या देऊन राहिलो होतो. एकीवर पानगे लिवलं हाय. आमच्या मंडळीले आवडले म्हणून तवा तुह्या बोर्डावरून उतरवले व्हते. चालते का नाही, देव जाणे."

शेखरने माळ्यावरून फ्लॉपी वाचायचं यंत्र काढलं, आणि दोघं अकोल्याला गेले. फ्लॉपीला बुरशी धरलेली. यंत्र कण्हलं, थांबलं, पुन्हा कण्हलं. अनुपमा पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती.

"बसा ना वहिनी," महादेवराव म्हणाले.

"आधी ते उघडू द्या."

उघडलं. काही ओळींचा नुसता कचरा झाला होता. बाकीचं शेखरने मोठ्याने वाचलं.

"गव्हाचं पीठ जाडं घे वो अनू. मीठ तुह्या हातानं नको, तू खारट करतं. पळसाचं पान खाली एक, वर एक. गोवऱ्याचा इस्तो निवू दे थोडा... जावाईबापू, तुमी काहून टकटक करून राहिले? हे बी लिवलं का? अवो, राहू द्या ना. लिवता लिवता पानगे करपले तुमचे."

महादेवराव हसले, मग चष्मा पुसत राहिले. "वहिनी, माही चांदणी लय महाग पडली तुमाले."

अनुपमाला हसू आवरत नव्हतं, आणि रडूही. "पुन्हा वाचा. खारटपासून."

शेखरने पुन्हा वाचलं. मग फाइल आपल्या लॅपटॉपवर उतरवायला घेतली, तर लॅपटॉपने विचारलं: या नावाची फाइल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू? ती होती अनुपमाने आठवून लिहिलेली.

शेखरचं बोट थांबलं. त्याने बायकोकडे पाहिलं.

"दोन्ही ठेवा," अनुपमा म्हणाली. "माझ्यात मीठ बरोबर आहे."