सासऱ्यांच्या नावे अर्ज

पाथर्डीच्या तहसील कचेरीसमोर, लिंबाखाली बसून मी लोकांचे अर्ज लिहितो. शिक्षण इयत्ता सातवीपर्यंतच झाले. तथापि माझ्या मसुद्यात खोट काढणारा कारकून या कचेरीत अद्याप रुजू व्हायचा आहे.

गतसाली दसरा उलटल्यावर एक गरोदर बाई आली. घरची मंडळी आठवड्याभरात ऊसतोडीला निघणार होती, आणि तिला यंदा गावीच राहून दवाखान्यात बाळंत व्हायचे होते. पहिले मूल उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीत झाले. ते अजून अशक्तच होते.

"अर्ज कोणाच्या नावे?" मी विचारले.

"सासऱ्याच्या."

अर्ज अधिकाऱ्यास करतात, नातलगास नव्हे, हे मी तिला समजावले.

"आमच्या घरात अधिकारी तेच हायेत. तोंडानं सांगितलं की म्हनत्यात, बघू. कागद आला की मातर पारावर नेऊन दोनदा वाचून घेत्यात."

युक्तिवाद बिनतोड होता. मी लिहिले : 'प्रति, मा. कुटुंबप्रमुख साहेब. विषय : यंदा गावी राहून बाळंतपण करण्यास परवानगी मिळणेबाबत.' दरमहा तपासणीस नेण्यासाठी सासूबाईंनाही मागे ठेवावे, हे कलम तिने स्वतः घालायला लावले.

"साहेब नका लिवू, हसतील."

"तसा प्रघात आहे."

दुसऱ्या दिवशी सासरे कागदासह हजर झाले. मी सावरून बसलो.

"तुमी लिवलं का हे? वाचा."

मी वाचले. त्यांनी पुन्हा वाचायला लावले. भोवती चार माणसे जमली.

"नवरा-बायकू मिळून एक कोयता धरत्यात. ही राहिली तर पोरगं अर्धा कोयता. मुकादम काय म्हनंल?"

"मुकादमाचे मला ठाऊक नाही," मी म्हणालो, "परंतु साहेबांनी शेरा दिल्याखेरीज अर्ज निकाली निघत नाही."

त्यांनी टोपी नीट केली. "लिवा मग. मंजूर. दोघींनी बी ऱ्हावं. मुकादमाशी मी बोलतो." आणि खाली ठसठशीत अंगठा उठवला.

मंडळी ऊसतोडीहून परतल्यावर, पावसाळ्याच्या तोंडाशी ती बाई गुटगुटीत मुलगी कडेवर घेऊन आली. तो अर्ज म्हणे सासऱ्यांनी सातबाऱ्याच्या उताऱ्यासोबत पेटीत ठेवला आहे. मी कागद पुढे ओढला.

"आता कसला अर्ज?"

"कसलाच न्हाई. लेकरू दाखवाया आले. आता तोंडी बी ऐकत्यात."

एक पक्षकार कमी झाला. मुलीच्या हाती मी माझे जुने पेन दिले. तिने ते थेट तोंडात घातले.