मुदतीची सोयरीक

कोणत्याही दोन माणसांनी एका ताटात खाल्लं की त्यांचं नातं लागतं आणि लागलेलं नातं निभवावंच लागतं, असं मनापासून मानणारा मी पाहिलेला शेवटचा माणूस म्हणजे माझ्या मावशीचे थोरले दीर. भिवंडीजवळचं सगळं कोन गाव त्यांना दादूस म्हणतं, मी काका म्हणतो. कल्याण–भिवंडी रस्त्याला लागून त्यांची जमीन. आजूबाजूची सगळी शेतं गोदामांखाली गेली, काकांचीही गेली, पण एक तुकडा त्यांनी फुटबॉलसाठी ठेवला आणि तिथे गावातल्या मुलांचा क्लब चालवला. तो मागायला येणाऱ्या गोदामवाल्यांना ते मटण जेवू घालून परत पाठवायचे. गोदामावर माल घेऊन आलेल्या ट्रकवाल्याला आधी त्याचं गाव विचारायचे, आणि बहिणीचं लग्न ठरलंय असं कळलं तर त्याच ट्रकमधून आहेराची साडी पाठवायचे. सामन्यात शिट्टीही त्यांच्याचकडे असे. बाहेरगावचा संघ हरायला लागला की शेवटच्या मिनिटांत त्याला हमखास पेनल्टी मिळायची. आमची मुलं चिडायची. "दादूस, तुमी रेफ्री हाव का यजमान?" काका शांतपणे म्हणायचे, "पैले यजमान. पावन्याला भोपला घेऊन घरी धाडायचा काय?"

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. बारावीनंतर शिकावं की कापडाच्या लूमवर लागावं हा प्रश्न होता, तेव्हा अभ्यासाला जागा म्हणून काकांनी गोदामाचं ऑफिस मला दिलं आणि पंखा कधी बंद केला नाही. मी पंधरावी झालो तेव्हा त्यांनी नाक्यावर अभिनंदनाचा बॅनर लावला. त्यावर माझा फोटो कोपऱ्यात आणि त्यांचा मधोमध होता, पण तो बॅनर पाहून माझी आई रडली होती. तेव्हापासून इंग्रजीचं जे काही येईल ते माझ्याकडे.

असाच एक दिवस परदेशातल्या एका मोठ्या फुटबॉल क्लबचा प्रस्ताव आला. त्यांना आपल्याकडच्या छोट्या क्लबांशी भागीदारी करायची होती. दोन गोरे प्रशिक्षक मैदान बघायला आले, आणि काकांनी गावातली पाच वडीलधारी माणसं बोलावून लग्न ठरवताना मांडतात तशी रीतसर बैठक मांडली. टॉवेल, टोपी, नारळ दिला. एका पाहुण्याने त्या टॉवेलने लगेच घाम पुसला, तेव्हा काका माझ्या कानात म्हणाले, "मानूस साधा हाय." पाहुण्यांचं म्हणणं मी मराठीत सांगितलं. इथल्या लोकांनी त्यांच्या संघावर प्रेम करावं आणि इथल्या चांगल्या खेळाडूंना त्यांच्या अकादमीत जागा मिळावी, असं ते होतं. काकांनी विचार केला. "म्हंजे मानसं बी त्यांची, पोरगा बी त्यांचा. आपल्याकडं काय?" मी म्हटलं, "नाव." मैदानावर फलक लागला. वर त्यांचं बोधचिन्ह मोठं, खाली आमचं नाव बारीक. काकांना त्यात काही गैर वाटलं नाही. व्याह्याचा मान मोठा असतोच, असं ते म्हणाले.

फैजानची निवड झाली. लूमवर काम करणाऱ्या एका कुटुंबातला हा मुलगा काकांनी चेंडूएवढा असल्यापासून खेळवला होता. अकादमी आपल्याच देशात, पण दूरच्या शहरात होती. काकांनी त्याची पाठवणीच केली. बॅग, बूट, सुक्या बोंबलांचा डबा आणि गाडीपर्यंत वाजतगाजत बँजो पार्टी. फैजान लाजून म्हणाला, "दादूस, शादी थोडी हाय मेरी." काका म्हणाले, "गप बस. सासरी नीट ऱ्हा." मग रिवाजाप्रमाणे आपणही त्यांचं घर बघायला जायचं म्हणून बैठकीतल्या पाचही म्हाताऱ्यांचे पासपोर्ट काढवले. चौकशीला आलेल्या पोलिसाने परदेशात कोण आहे विचारलं, तर पाचांनीही एकच उत्तर दिलं, "सोयरे."

आमंत्रण आलं नाही. जर्सी मात्र आल्या. मुलं त्या घालून गोदामात मोठ्या पडद्यापुढे बसायला लागली आणि तिकडच्या खेळाडूंच्या दुखऱ्या गुडघ्यांवर घरच्यासारखी चर्चा करायला लागली. मैदानावर रविवारच्या सरावाला येणारे अकराचे सात झाले. काका पडद्याकडे पाठ करून बसत. एकदा म्हणाले, "आपली पोरं बघाया शिकली रं. खेलाया इसरली."

पुढे त्या क्लबने दुसऱ्याच देशात नवी भागीदारी केली. इथली अकादमी बंद झाली, मुलं घरी पाठवली गेली. ही बातमी काकांना मीच सांगितली.

"म्हंजे सोयरीक मोडली?"

"मोडली नाही काका. करार होता, त्याची मुदत संपली."

"सोयरिकीला मुदत असते व्हय?"

फैजान परतला, पण मैदानावर आला नाही. रस्त्यापलीकडच्या एका मोठ्या गोदामात पार्सलं लावायला लागला. काका मला घेऊन त्याच्या गेटवर गेले. परत आलेल्या लेकीला माहेरच्यांनीच आणायला जायचं असतं, असं त्यांचं म्हणणं. फैजान बाहेर आला, काकांच्या पायाशी वाकला, आणि मान खाली घालूनच म्हणाला, "दादूस, अब नाय होणार. सगळे विचारतात, वापस कशाला आला."

"मी इचारलं?"

"तुमी नाय. पण मैदानात तुमी एकटे थोडी असता."

काकांनी आग्रह केला नाही, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. त्याला सुट्टी कधी असते, तेवढं विचारलं. मंगळवारी. परत येताना म्हणाले, "पोरगी देताना आपुन चार ठिकानी चौकशी करतो, बाला. घरात मानसं कशी हायत, इचारतो. ह्याला देताना मी निस्ती जर्सी बघितली."

आता आमचा सराव रविवारी नसतो, मंगळवारी असतो. शाळा-कॉलेजच्या मुलांना ते जमत नाही, ती कुरकुर करतात आणि येत नाहीत. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून जातो. दोन-तीन मुलं असतात, काका असतात, आणि पासपोर्टवाल्या पाच म्हाताऱ्यांपैकी कोणीतरी असतो. फैजान अजून आलेला नाही. गेल्या मंगळवारी मला गोलमध्ये उभं केलं होतं. मी विचारलं, "काका, किती दिवस असं?" शिट्टी पुसत ते म्हणाले, "त्याला सुट्टी हाय ना आज? मग आपन बंद कसं ठेवायचं?"