गाठ माझी, माप त्यांचे

सकाळी उसाने भरलेली ट्रॉली आमच्या कोपऱ्यावर वळताना जराशी कलली आणि तिच्यावरचा करकचून आवळलेला दोर कुरकुरला. अजिंक्यताऱ्यावरचे धुके अजून विरले नव्हते. हवेत ओल्या उसाचा गोडसर वास होता. चहाचा पेला हातात घेऊन मी गॅलरीत उभा होतो, आणि त्या एका कुरकुरीने मला उभ्या उभ्या घाटाखाली नेले: खाऱ्या वाऱ्यात, एका जुन्या बुरुजाच्या सावलीत, शेवाळलेल्या धक्क्यावर. ताणलेल्या दोराचा आवाज सगळीकडे सारखाच असतो. आज त्या दोराने ऊस धरून ठेवला होता. त्या दिवशी तशाच दोराला एक अख्खी नौका लोंबकळत होती.

ही हकिकत आमच्या सोयऱ्याधायऱ्यांत साताऱ्यापासून विट्यापर्यंत सर्वांना पाठ आहे. तिच्यावाचून आमच्याकडचे बारसेही पार पडत नाही. मात्र जी सांगितली जाते ती समूळ चुकीची आहे, कारण ती माझ्या व्याह्यांनी पसरवलेली आहे. त्यांच्या मते साताऱ्याच्या एका हट्टी माणसाने परक्याची नौका धक्क्याला टांगली. आजवर मी हा अपप्रचार समारंभापुरता सोसत आलो. आता तो सोसून भागणार नाही. आम्हा दोघांची एकच नात, माझ्या लेकीची लेक, शिडाची नौका हाकण्यात तरबेज आहे. होळीच्या आधी ती पुन्हा त्याच बंदरी निघाली आहे. एका वेळी दोन म्हातारे सांभाळणे आपल्याला झेपणार नाही, असे तिने अतिशय आदबीने कळवले आणि निवाडाही देऊन टाकला: "ज्यानं दोर आखूड केला, तो आजोबा या खेपेला घरी. कोणी केला, ते तुम्ही दोघांनी ठरवा." म्हणजे प्रश्न आता अब्रूबरोबर जागेचाही झाला.

मागच्या खेपेला आम्ही दोघेही होतो. मी फौजेत पूल बांधणाऱ्या तुकडीत आयुष्य घालवलेले. गाठ या विषयात मला कोणी शिकवावे असे फारसे काही उरलेले नाही. व्याह्यांनी उमेदीची वर्षे दूर दक्षिणेत सोने गाळण्याच्या दुकानात काढली आणि गावी परतल्यावरही ते भाजीवालीच्या काट्याकडे डोळे बारीक करूनच पाहतात. शिडात वारा भरला, नौका एका कुशीवर कलली, तशी त्यांनी देवाच्या आधी माझ्या कोपराचा धावा केला. मी भ्यालो होतो असे ते सांगतात. माझे डोळे मिटलेले होते हे मी नाकारत नाही. पण पाण्यावरच्या उन्हाची तिरीप ज्याने सोसली आहे, त्याला डोळे का मिटतात हे समजावून सांगावे लागत नाही.

मग खडकाच्या नाकाडाला वळसा पडला आणि ते बंदर एकाएकी समोर आले. त्याचे नाव मी लिहीत नाही. तिथल्या लोकांनी आमचे नाव पुरेसे लक्षात ठेवले आहे. खाडीच्या मुखाशी काळा बुरुज, त्याच्या कुशीत माडांची गर्दी, आणि गलबते बांधण्यासाठी रोवलेले दगडी खुंट, दोरांच्या घासण्याने कमरेला झिजलेले. एके काळी आमच्या घाटमाथ्यावरचा गूळ बैलांच्या पाठीवरून इथे उतरत असे आणि त्याच बैलांवरून मीठ वर चढत असे. त्या झिजलेल्या दगडावर हात ठेवला तेव्हा वाटले, आमच्या पणजोबांच्या जेवणातले मीठ इथूनच आले असेल. व्याही म्हणाले, "मीठ आलं आसंल, पण तुमच्या घरच्या आमटीत अजून पडलं न्हाई." त्यांच्या सौंदर्यदृष्टीची झेप एवढीच.

आता मूळ मुद्दा. नातीने दोन दोरांनी नौका धक्क्याला बांधली आणि जेवणाचे सांगायला ती पुढे गेली. दोर तिने चांगलेच सैल ठेवले होते. नौका धक्क्यापासून दोन हात सरके, पुन्हा जवळ येई. घाटावरच्या माणसाला हे दृश्य पाहवत नाही. आमच्याकडे खोंड दावणीला बांधले की त्याने शेजारच्या वैरणीला तोंड लावता कामा नये, एवढेच दावे सोडतात. व्याही कळवळून म्हणाले, "पोरीची जात, हाताला जोर न्हाई. पाव्हणं, आवळा की जरा. जनावर आसं मोकळं सोडत्यात व्हय?" मी आवळले. ते म्हणाले, "आनि जरा." मी आणखी आवळले. नौका धक्क्याला चिकटून गरीब गाईसारखी उभी राहिली तेव्हा कुठे त्यांनी मान हलवली. ज्या माणसाने गुंजभर सोन्यात कधी सूट सोडली नाही, तो हातभर दोर सैल सोडील हे संभवते तरी का? हाच माझा पुरावा. माप त्यांचे, गाठ तेवढी माझी. समुद्र दिवसातून दोनदा उठबस करतो हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते, पण पुस्तकातले. मी ज्या नद्यांवर पूल बांधले त्यांना असल्या सवयी नव्हत्या.

किल्ला पाहून, सुरमईचा समाचार घेऊन, सोलकढीने तृप्त होऊन आम्ही परतलो, तर धक्क्यावर गर्दी. पाणी पार खाली उतरलेले, आणि आमची नौका दोन दोरांना लोंबत, पोट उघडे टाकून भिंतीला टेकलेली. मासळीची पाटी खाली ठेवून एक कोळीण आम्हाला म्हणाली, "काय हो आजोबा, होडी सुकत घातलीत काय? आमी तर बोंबीलच घालतो!" नौका नातीला शिडे शिकवणाऱ्या वरिष्ठांची होती, विश्वासाने दिलेली. तिने फक्त दोरांकडे पाहिले, मग आमच्याकडे, आणि आम्ही दोघांनी एकाच वेळी एकमेकांकडे बोट दाखवले.

भरतीने नौका अलगद उचलली. कडेचा एक आकडा वाकण्यापलीकडे काही बिघडले नाही. गाठ मात्र सुटेना. चार कोळी झटले, एकाने दातही लावले. शेवटी दोर कापावे लागले, आणि त्यांच्यातला वडीलधारा कौतुकाने म्हणाला, "गाठ कोणी मारली ही? मानली बुवा!" तोवर माझ्याकडे रोखलेले व्याह्यांचे बोट अलगद स्वतःच्या छातीकडे वळले. "आमी दोगांनी," ते म्हणाले. दोघांनी! अपराध माझा एकट्याचा आणि गाठ सामाईक! खरा संताप मला त्या क्षणी आला, आणि तो मी आजतागायत जतन केला आहे.

काल हा सारा युक्तिवाद मनात मांडून मी विट्याला व्याह्यांना फोन लावला. तोंड उघडण्याआधीच पलीकडून आवाज आला, "पाव्हणं, मी पोरीला सांगून टाकलंय. दोर मीच आवळाय लावला. तुमी जावा."

मी विचारले, "आसं एकाएकी?"

"गुडघं गेलं माझं. धक्क्याच्या पायऱ्या चढाय नकोत का? तुमचंच खरं, म्हणा."

ज्या कबुलीसाठी मी इतकी वर्षे तलवार परजत होतो, ती अशी ताटात वाढून आली आणि मला एकदम जेवणावरची वासना उडाल्यासारखे झाले. मी म्हणालो, "ही कबुली मला मंजूर न्हाई. गुडघ्यापायी दिलेली साक्ष धरत नसत्यात. हरायचं तर भांडून हरा."

"आवं, कवा तरी गपगुमान जिंका की!" ते ओरडले, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांचा आवाज पूर्वीसारखा खणखणीत लागला.

मग मी नातीला माझा निर्णय कळवला. व्याही मोटारीने घाट उतरतील आणि धक्क्यावर त्या खुंटाशेजारी खुर्ची टाकून बसतील. मी तिच्याबरोबर नौकेतून येईन, आणि दोर फेकेन तो त्यांच्या हातात. ती म्हणाली, "आणि सैल किती सोडायचा?" मी म्हणालो, "ते तुझे विट्याचे तात्या सांगतील." ती इतकी हसली की तिला फोन ठेवावा लागला. थोड्या वेळाने तिने मोबाइलवर एक छायाचित्र पाठवले, मागे कधीतरी तिथे गेली असताना काढलेले: तोच खुंट, आणि त्याच्या झिजलेल्या कमरेला उन्हापावसाने पांढरी पडलेली गाठ. कापलेले टोक वाऱ्यावर पिंजारले होते. गाठ हललेली नव्हती.

त्या छायाचित्राकडे मी आज सकाळपासून पाहतो आहे. ट्रॉली केव्हाच कारखान्याच्या रस्त्याला लागली. तिथे खाली पाणी आता चढत असेल किंवा उतरत असेल. माझ्या वयात ते विचारून करायचे काय? एवढे मात्र समजले की जे चढते-उतरते त्याला आखूड बांधू नये. आठवणही बहुधा त्यातलीच. म्हणून व्याह्यांच्या हकिकतीला मी आजपासून हातभर दोर सोडला आहे. मी डोळे मिटले होते असे त्यांनी खुशाल सांगावे. हातभरच, जास्त नाही. आणि गाठ माझी.