नामदेवदादाची राहिलेली दंडार

संग्रामपूरच्या बाजारात मिरच्या निवडत होतो, तेव्हा गावच्या एकाने सांगितलं, "मास्तर, नामदेवदादा गेले. काल माती झाली." माझा सख्खा चुलतभाऊ, आणि मला निरोपसुद्धा नव्हता... राग आला नाही. निरोप का नव्हता, ते मला ठाऊक होतं.

दादा आमच्या गावच्या दंडारीचा म्होरक्या. दिवाळीत पायांत चाळ बांधून, टिपऱ्या घेऊन तो नाचायला उतरला की ढोलकीवाल्याची दमछाक होई. महाराष्ट्र नवा होता तेव्हा जिल्ह्याच्या गावी लोककलांचा मेळावा भरला. मी समितीवर होतो. मीच दादाला बोलावलं. त्याने बारा जणांकडून महिनाभर तालीम करून घेतली, सगळ्यांची धोतरं स्वतः नदीवर नेऊन धुतली. पहाटेच्या एस.टी.ने ते आले.

समितीच्या चिटणीसांनी त्यांना फाटकाशी उभं केलं. पाहुण्यांच्या स्वागताला नाचा, म्हणाले. पाहुणे दुपार कलल्यावर उगवले. तोवर कुठलीही मोटार दिसली की चिटणीस हात करायचे आणि ही माणसं उन्हात नाचायची. संध्याकाळ झाली तरी मंचावर त्यांचं नाव पुकारलं जाईना, म्हणून दादा विचारायला आला. तुमचं झालं की फाटकावर, असं उत्तर मिळालं. मी शेजारच्याच खुर्चीवर होतो. चिटणीस शिक्षण खात्यातले साहेब. माझ्या बदलीचा अर्ज त्यांच्याच टेबलावर पडलेला. मी कार्यक्रमपत्रिका वाचत बसलो.

एस.टी. स्टँडवर दादा एवढंच म्हणाला, "तू काऊन नाही बोलला बे?"

वेळ कमी होता, असं काहीतरी मी पुटपुटलो.

त्या दिवाळीत तो नाचला नाही. पुढे कधीच नाही. दोन वर्षांत दंडार मोडली. माझी बदली मात्र हव्या त्या गावी झाली. अधूनमधून त्याच्याकडे जायचो; चहा मिळायचा, पीकपाण्याचं बोलणं व्हायचं...

तेरवीला गेलो. दादाने लोककलेची सेवा केली, असं चौघे बोलले, मीही बोललो. मग हात धुवायला गोठ्यामागे गेलो. वहिनींनी सगळं अंगण सारवलं होतं, तिथला एक कोपरा तेवढा सोडलेला. जमीन दगडासारखी घट्ट, गुळगुळीत. पाण्याचा तांब्या घेऊन आलेल्या वहिनींना, हे राहिलं का, म्हणून मी सहज विचारलं.

"रोज सकाळी इथंच नाचत," वहिनी म्हणाल्या. "कोनी आलं का थांबत. भाऊजी, तुमचा आवाज आला का घरात जाऊन बसत."

मी त्या कोपऱ्याला वळसा घालून बाहेर आलो.