अर्ध्या बॉनेटचा मालक

माझ्या मामाच्या बोटात एक गुण आहे आणि पोटात एक दुखणं. बोटातला गुण असा की गाडीच्या रंगावर मेण चढवावं तर त्यानंच. पोटातलं दुखणं असं की दुसऱ्या कुणी लावलेलं मेण चमकलं की कळ येते. आणि तो दुसरा कुणी साडू असला, तर मग औषधच नाही.

मामाचं दुकान म्हणजे एक शटर, एक नळ आणि एक फळी. फळीवर मेणाचे चार डबे. गाडी आत आली की मामा हातात पातळ प्लास्टिकची पिशवी चढवतो आणि बॉनेटवरून हात असा अलगद फिरवतो, जसा तापलेल्या पोराच्या कपाळावरून. उघड्या हाताला जी खरखर लागत नाही ती पिशवीतून लागते. मग डबा निवडायचा.

"पांढऱ्या डब्यात बारीक रवा असतो बरं का, तो रंग खरवडतो," तो गिऱ्हाइकाला सांगतो. गिऱ्हाइकानं विचारलेलं नसतं. "रंग मेलेला असेल तर पांढरा. रंग जिवंत असेल तर हा पिवळा, यात नुसतं मेण. लोक चमक हवी म्हणून पांढरा घासत सुटतात. अहो, चमक येते पण रंग जातो! आणि लावायचं कसं?"

इथे मामी आतल्या खोलीतून ओरडते, "पातळ! मेण दिसलं की चुकलं! झालं का? जेवायला या."

मामाचे साडू म्हणजे मामीच्या धाकट्या बहिणीचे यजमान. आधी ते टेम्पो चालवायचे, आणि दर रविवारी मामाच्या दुकानात उलट्या बादलीवर बसून चहा प्यायचे. मामा काम करता करता बोलायचा, ते "हो दादा, बरोबर दादा" करत मान हलवायचे. सहा वर्षं मान हलवली आणि सातव्या वर्षी त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला स्वतःचं दुकान टाकलं. तेव्हापासून मामा घरात त्यांना 'चकाकीशेठ' म्हणतो. तोंडावर मात्र "या साडूसाहेब, बसा साडूसाहेब." मामाचा राग जितका वाढतो तितका त्याचा आदर वाढतो. एकदा तर तो "पधारावं" म्हणाला होता, तेव्हा मामीनं हातातली कपबशी आधी खाली ठेवली.

आता बाई. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांची जुनी, गडद निळी गाडी अकरा वर्षं मामाकडे यायची. ती गेली असती म्हणून मामाचं दुकान बंद पडलं नसतं. पण मामा त्या गाडीच्या बॉनेटमध्ये बघून भांग पाडायचा. आरसा लटकवलेला असताना.

एक दिवस बाई आल्या आणि सहज म्हणाल्या, "आमच्या शेजाऱ्यांची गाडी तुमच्या साडूंनी केली हो. काय चमकतेय! म्हटलं यंदा आपलीही त्यांच्याकडे टाकून बघावी."

मामा हसला. हसला म्हणजे दात दाखवले. "अवश्य. चांगलेच आहेत ते. हात जरा जड आहे, पण माणूस चांगला." बाई गेल्या आणि मामानं तेच मडगार्ड तीन वेळा पुसलं.

मामी म्हणाली, "पुरे. आता त्याला भोक पडेल."

बाईंच्या कानावर काय गेलं कोण जाणे, पण त्यांनी मास्तरी न्याय काढला. रविवारी सकाळी त्या गाडी घेऊन मामाच्या दुकानात आल्या, साडूंनाही बोलावलं, आणि बॉनेटच्या बरोब्बर मधोमध कागदी चिकटपट्टी लावली. "डावी बाजू तुमची, उजवी यांची. ज्याची बाजू चांगली, त्याच्याकडे यापुढे गाडी. मी बाजारातून तासाभरात येते. आणि एकमेकांच्या पेपरात बघायचं नाही!"

मामा खुशीत होता. त्याचा हिशोब असा की साडू पांढरा डबा काढणार, रंग खरवडणार, आणि आपण मान हलवत उभं राहायचं. साडूंनी पिशवीतून डबा काढला. पिवळा.

मग साडूंनी खिशातून पातळ प्लास्टिकची पिशवी काढून हातावर चढवली.

"माझी पिशवी," मामा पुटपुटला.

"अहो, पिशवी काय कुणाची असते?" मामी म्हणाली.

साडूंनी स्पंजाला नखाएवढं मेण घेतलं. लहान लहान गोल. इतकं पातळ की तिरकं बघितल्याशिवाय दिसू नये. मधेच नाकातून गुणगुणणंही तेच, मामाचं, तिसऱ्या ओळीला सूर घसरणारं. मामाच्या अंगाचा तिळपापड झाला. चोरानं डबा नेला असता तर चाललं असतं, यानं घसरलेला सूरही नेला होता!

दोघांचा थर लावून झाला. आता वाट बघायची. मेण सुकून धुरकट झालं पाहिजे, बोट ओढलं की खालचा रंग स्वच्छ दिसला पाहिजे. साडू बादली उलटी करून बसले. "या दादा, चहा घ्या."

"घ्या तुम्ही, साडूसाहेब. निवांत घ्या."

आणि साडूंची पाठ फिरली तसा मामानं आणखी एक थर दिला. ओल्यावर ओला. उजवी बाजू बघितली, परत डावी बघितली, आणि तिसरा दिला. या वेळी नखाएवढं नाही, चांगलं बोटभर. मामी दारातून बघत होती. मेण दिसत होतं. आंधळ्यालाही दिसलं असतं.

"अहो, पातळ..." ती म्हणाली.

"तू आत जा."

पुसायची वेळ आली. साडूंच्या बाजूवर फडकं दोनदा फिरलं आणि खाली आभाळ उघडलं. मामाच्या बाजूवर फडकं चिकटलं. जोर लावला तर ढग सरकले, पण हटले नाहीत. गुळाचा हात काचेला पुसावा तसे पट्टे. मामाच्या कपाळावर घाम आला.

साडू जवळ आले, हळूच म्हणाले, "दादा, त्याच मेणाचा ताजा पातळ हात वरून फिरवा आणि सुकू न देता लगेच पुसा. खालचं सुटून येतं. तुम्हीच सांगितलं होतंत, त्या बँकवाल्यांच्या पांढऱ्या गाडीच्या वेळी."

"आम्हाला शिकवावं आपण," मामा म्हणाला, "एवढी आमची योग्यता कुठली!"

आणि घासत राहिला. तेवढ्यात बाई आल्या. भाजीची पिशवी खाली ठेवली, चष्मा वर केला, डावीकडे वाकल्या, उजवीकडे वाकल्या. चिकटपट्टी ओढून काढली. मधोमध रेघ अशी पडली होती की एकीकडे तळं आणि दुसरीकडे तळ्यावरचं शेवाळ.

"हे तुमचं?" त्यांनी मामाला विचारलं. मामानं मान खाली घातली. वर्गात घालतात तशीच. "ठीक. गाडी यापुढे यांच्याकडे."

साडू म्हणाले, "बाई, दादांचा आज हात जरा..."

"मी हात नाही तपासत, पेपर तपासते."

बाईंनी किल्ली काढली. तेव्हा मामा बॉनेटला आडवा उभा राहिला. "न्या. पण अशी अर्धी नाही नेऊ देणार. माझ्या शटरमधून असली गाडी बाहेर गेली नाही कधी."

त्यानं नखाएवढं मेण घेतलं. पातळ हात, आणि लगेच फडकं. ढग निघाले. हातभर जागा, मग पुढची हातभर. साडूंनी कोरडी फडकी पुढे केली आणि मामानं न बघता घेतली. पाऊण तासानं मधली रेघ शोधून सापडेना.

बाई बराच वेळ वाकून बघत होत्या. "सुंदर," त्या म्हणाल्या. मामाचा चेहरा उजळला. "पण वेळ संपल्यावर लिहिलेलं मी तपासत नाही."

गाडी साडूंच्या दुकानात जाते आता. परवा ती तिथून परत येत होती, तेव्हा मामानं कोपऱ्यावर थांबवली. "बाई, एक मिनिट." पिशवी चढवली, बॉनेट, छप्पर, चारही दारं तपासली. काही सापडेना. तोंड कडू झालेलं लांबूनही कळत होतं.

"मागच्या नंबरपट्टीच्या फटीत सुकलेलं मेण राहिलंय," तो शेवटी म्हणाला. "सांगा साडूसाहेबांना."

मग पुढे येऊन वाकला, खिशातून कंगवा काढला आणि भांग पाडला. डाव्या बाजूला बघून.